प्लास्टरच्या आधीची मोजणी

भिंतीला प्लास्टर चढलं की वायरमनचं निम्मं काम दिसेनासं होतं. सुताराचं दार समोर दिसतं, फरशीवाल्याची फरशी पायाखाली लागते. वायरमनने कटरने मारलेली झिरी, तिच्यात बसवलेला पाईप, स्लॅब ओतण्याआधी लोखंडाला बांधून ठेवलेले फॅनबॉक्स हे सगळं मात्र सिमेंटखाली जातं. बिलासाठी पॉइंट मोजायची वेळ बहुतेकदा त्यानंतर येते. तेव्हा ‘किती पॉइंट झाले?’ या प्रश्नाला दोन उत्तरं निघतात, एक करणाऱ्याचं आणि एक देणाऱ्याचं. पैसे ज्याच्या हातात, त्याचं उत्तर खरं ठरतं.

शहरात उभ्या राहणाऱ्या इमारतींचं वायरिंग पुष्कळदा ज्याच्या नावावर काम असतं त्याच्या हातून होत नाही. बिल्डर परवानाधारक विद्युत ठेकेदाराला काम देतो. त्याच्या एकाच वेळी चार साईट चालू असतात, म्हणून तो लेबर रेट ठरवून एकेक विंग एखाद्या जुन्या, हात बसलेल्या वायरमनला देऊन टाकतो. असं पोटकंत्राट घेतलं, की कालपर्यंत शनिवारी खर्ची घेणारा माणूस आज खर्ची देणारा होतो. हाताखालच्या पोरांचा शनिवार चुकवता येत नाही. त्यांची खोली, त्यांचं जेवण त्यावरच असतं. ह्याचं बिल मात्र साईट इंजिनिअरच्या टेबलावर, मग ठेकेदाराच्या ऑफिसात, मग बिल्डरच्या अकाउंट्समध्ये फिरत राहतं. मधले आठवडे तो हातउसने घेतो, पतसंस्थेत जातो, कधी बायकोचं डोरलं गहाण ठेवतो. म्हणजे एवढ्या मोठ्या इमारतीला भांडवल पुरवणाऱ्यांत सर्वांत कमी ऐपतीचा माणूसही असतो, आणि त्याला कोणी व्याज देत नाही.

त्याला मिळणारं ठरलेलं उत्तर असतं, ‘वरून आलं की देतो.’ हे उत्तर मला मान्य नाही. फ्लॅट विकले जातील की पडून राहतील हा धोका बिल्डरचा. बिल्डर वेळेवर पैसे देईल की नाही हा धोका मुख्य ठेकेदाराचा. दोघांनी तो धोका पत्करला आहे आणि त्यासाठी आपला नफाही धरला आहे. वायरमनच्या पॉइंटच्या दरात तो नफा कुठेच नसतो. मग तोटा तेवढा त्याच्यापर्यंत का पोहोचावा? ब्रिटनने १९९६ च्या कायद्यात बांधकामाच्या करारातली ‘आम्हाला मिळाले तर तुम्हाला देऊ’ ही अट निष्प्रभ ठरवली. वरचा देणेकरी दिवाळखोर झाला तर तेवढा अपवाद ठेवला.

आपल्याकडेही कायदा अगदीच मुका नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. करारात मुदत कितीही लिहिली असली तरी काम स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. त्यासाठी लागणारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते, आणि ती काम घेण्याआधी केलेली बरी. २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून तर अशा उद्योगाचे मुदतीत न दिलेले पैसे प्रत्यक्ष चुकते करेपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. मात्र माल आणि मजुरी एकत्र असलेल्या बांधकामाच्या कंत्राटाला २००६ चा कायदा लागू होतो का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत आणि काही निकाल ठेकेदारांच्या विरोधात गेले आहेत. त्यामुळे या एकाच दोरीवर सगळा भार टाकू नये.

एक जुना आधार अधिक मोलाचा वाटतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं सत्तरावं कलम सांगतं, की फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. १९४४ साली बंगालच्या नागरी पुरवठा खात्यासाठी एका ठेकेदाराने आरामबागला कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, स्वयंपाकघर असं काही बांधून दिलं. रीतसर करार झालेला नव्हता, म्हणून सरकारने पैसे नाकारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६१ मध्ये न्यायालयाने याच कलमाच्या आधारे ठेकेदाराच्या बाजूने निकाल दिला. इमारत वापरली, तर मोल चुकवा. कागद नव्हता, तरी काम झालं होतं आणि ते डोळ्यांना दिसत होतं.

वायरमनची अडचण नेमकी इथेच आहे. त्याचं काम डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याचा कागद भिंत बंद होण्याआधी तयार व्हायला हवा. स्लॅब पडण्याच्या आदल्या दिवशी पाइपिंगचे फोटो, फ्लॅट नंबर दिसेल असे. झिऱ्या भरण्याआधी प्रत्येक खोलीची मोजणी आणि तिच्यावर इंजिनिअरची तारखेसह सही. सही मिळत नसेल तर त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर साधा निरोप: ‘आज बी विंग, तिसरा मजला, इतके पॉइंट झाले.’ निरोपावर कोणी हरकत घेतली नाही, हेही पुढे कामी येतं. दर ठरवतानाच पॉइंट कशाला म्हणायचं हे लिहून घ्यावं. टू-वे स्विच एक की दोन, झिरी भरायची कोणी, कटरची ब्लेड कोणाची. वाद याच बारीक गोष्टींवर होतात. बिलाचे टप्पे असे पाडावेत की शेवटच्या टप्प्यात, म्हणजे फिटिंग आणि टेस्टिंगला, थोडीच रक्कम राहील. चार लाखांच्या कामावर पाच टक्के रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून रोखून ठेवलेली रक्कम, वीस हजार होते, आणि सगळ्यांची देणी भागवून वायरमनच्या हाती उरायची शिल्लक कैकदा तेवढीच असते. ती परत कधी मिळणार याची तारीख करारातच हवी.

‘पुढच्या साईटला ॲडजस्ट करू’ हा शब्द ऐकला की सावध व्हावं. पुढचं काम हे मागच्या कामाचं पेमेंट नव्हे. काम झाल्यापासून साधारण तीन वर्षांत दावा लावला नाही तर हक्क मुदतीबाहेर जातो, आणि अशा आश्वासनांवर तीन वर्षं सहज निघून जातात.

थकलेल्या पैशांचा राग वायरिंगवर निघू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगितलं पाहिजे. गीझरला चार चौरस मिलिमीटरच्या जागी दीडची वायर ओढली, अर्थिंग बोर्डापर्यंत न्यायचं राहू दिलं, तर त्याची किंमत ठेकेदार मोजत नाही; पुढे त्या घरात ओल्या हाताने बटण दाबणारं पोर मोजतं. हे कोणत्याही थकबाकीने माफ होत नाही. पण दर इतके पिळायचे की चांगली वायर परवडूच नये, आणि वर सुरक्षिततेची अपेक्षा धरायची, हाही त्याच पापातला वाटा आहे.

यात आपणही येतो. काम चालू असताना फ्लॅट बघायला जातो आणि सहज म्हणतो, ‘दादा, इथे एक एसीचा पॉइंट काढून द्या ना.’ दादा काढून देतो. तो पॉइंट नकाशात नसतो, म्हणून बिलातही नसतो. तेव्हा सांगण्याआधी दर विचारा, आणि काम झालं की त्याच आठवड्यात पैसे द्या. आणि ज्यांच्या टेबलावर एखाद्या वायरमनची मोजणी सहीसाठी पडून आहे, त्यांनी ती आजच साईटवर जाऊन पडताळावी, सही करावी आणि बिल पुढे पाठवावं.