ऐकणाऱ्याचे पाप



सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना युरिपिडीस या ग्रीक नाटककाराचे 'हिप्पोलिटस' हे इ.स.पू. ४२८ चे नाटक वाचले होते. राणी फेड्राचे मन सावत्र मुलावर जडते. दासीकडून हे कळताच तो संतापतो. राणी त्याच्यावर अत्याचाराचा खोटा आळ लिहून ठेवते आणि जीव देते. पिता थीसियस काहीही चौकशी न करता मुलाला शाप देतो. सत्य कळते तेव्हा मुलगा शेवटचे श्वास घेत असतो.

अशीच कथा १८१९ मधील 'नवनाथ भक्तिसार' या मराठी ग्रंथातही आहे. कौंडण्यपूरचा राजा शशांगर राणीच्या सांगण्यावरून पुत्र कृष्णागराचे हातपाय तोडवतो. पुढे तोच चौरंगीनाथ होतो. कौंडण्यपूर नावाचे गाव आपल्या विदर्भात वर्धा नदीकाठी आहे. आणि आपला योसेफ? पोटीफरच्या पत्नीच्या हाती त्याचे वस्त्र राहिले आणि तो तुरुंगात गेला (उत्पत्ती ३९).

तिन्ही कथांत वासनेचे पाप लगेच दिसते. पण थीसियस, शशांगर, पोटीफर यांचे काय? त्यांनी एकच बाजू ऐकली आणि शिक्षा दिली.

यावरून 'बायका खोटे आळ घेतात' असा अर्थ कृपया काढू नका. दानिएलच्या १३ व्या अध्यायातील सुसान्ना आठवा. तिथे वासना दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांची आणि आळ निष्पाप स्त्रीवर. लोकांनी मान्यवरांचे ऐकले, तिचे नाही. तरुण दानिएलने दोघांना वेगवेगळे करून विचारले, "कोणत्या झाडाखाली?" दोघांनी दोन झाडे सांगितली. एका साध्या प्रश्नाने तिचा जीव वाचला.

धंतोलीत मिस्सा संपल्यावर फाटकाशी आपण उभे राहतो. कोणाची सून, कोणाचा मुलगा, कोणाची घटस्फोटाची केस! दहा मिनिटांत निकाल लागतो. दुसरीकडे एखादी मुलगी धीर करून काही सांगू लागली की "चांगल्या घरचा माणूस आहे, गप्प बस" असेही आपणच म्हणतो. दोन्हीकडे चूक तीच: न विचारता ठरवणे. तक्रार करणाऱ्याचे पूर्ण ऐका, तिला योग्य ठिकाणी पोहोचवा. पण चौकशीआधी कोणाचे नाव गावभर करू नका. आठवी आज्ञा जिभेसाठी आहे, तशीच कानासाठीही.

आपल्या प्रभूवरही खोटे साक्षीदार उभे केले गेले होते. पिलाताला तो निर्दोष दिसत होता. तरी त्याने हात धुतले. या आठवड्यात आपले हात तपासू या.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.

तुमचे धर्मगुरू