आय अपॉलोजाइज, बट...

मागच्या पावसाळ्यात एका मित्राचे वडील दवाखान्यात होते. दोन रात्री तो त्यांच्याजवळ जागा होता. तिसऱ्या रात्री मी येतो, तू घरी जाऊन झोप, असं मी त्याला सांगितलं. ऑफिसातून आलो, जेवलो, पाच मिनिटं पाठ टेकतो म्हणालो आणि सकाळी साडेसहाला उठलो. फोनवर त्याचे अकरा मिस्ड कॉल.

मग मी त्याला लांबलचक मेसेज लिहिला, इंग्रजीत. (जड काही बोलायचं झालं की आपण इंग्रजीत का शिरतो, हा वेगळाच विषय आहे.) सुरुवात ‘आय अपॉलोजाइज’ने. पुढे ऑफिसातलं काम, अंगातली कणकण, सायलेंटवर राहिलेला फोन. संध्याकाळी उत्तर आलं, मराठीत: ‘यात बट पाच वेळा आहे. मोजले.’

मला राग आला. माफी मागतोय तर हा व्याकरण तपासतोय! त्या रागातच मी ते क्रियापद शोधायला गेलो आणि पुरता अडकलो.

कारण ‘अपॉलॉजी’चं मूळ आहे ग्रीक ‘अपोलोगिया’. ‘अपो’ म्हणजे दूर, ‘लोगोस’ म्हणजे बोलणं. अथेन्सच्या न्यायसभेत फिर्यादीचं भाषण झालं की आरोपी उठून जो बचाव मांडायचा, तो अपोलोगिया. इ.स.पू. 399मध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला. प्लेटोने लिहिलेलं त्याचं भाषण इंग्रजीत ‘अपॉलॉजी’ म्हणूनच ओळखलं जातं, पण त्यात माफी औषधालाही नाही. दोषी ठरल्यावर ‘शिक्षा काय हवी’ असा प्रश्न आला, तर हा गृहस्थ म्हणतो, नगराने मला सरकारी खर्चाने जेवू घालावं! सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तोही आधी बचाव याच अर्थाने. चुकीची कबुली हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

थोडक्यात, माझा मेसेज अस्सल ग्रीक होता.

‘सॉरी’ त्या मानाने सरळ. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे वेदना. घसा ‘सोअर’ होतो, तो शब्द यातलाच. मला दुखतंय, एवढंच. ‘रिग्रेट’ फ्रेंचमधून आला. तिथे तो एकेकाळी मेलेल्या माणसासाठी आक्रोश करणं या अर्थी होता. आता विमानाला उशीर झाला की वापरतात.

जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने 1955 साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत म्हटलं की काही वाक्यं माहिती देत नाहीत; ती उच्चारणं हेच काम असतं. ‘आय अपॉलोजाइज’ हे त्यांतलंच. म्हटलं की झालं, समोरच्याची गरजच नाही. मराठीत असं स्वयंपूर्ण क्रियापद नाही. माफी मागावी लागते, आणि मागितलेलं मिळेलच असं नसतं. ‘माफ’ अरबीतून आलेला, कर्जमाफीतला. आपलं कर्ज आपणच माफ करून घेता येत नाही.

‘क्षमा’ मात्र मला खटकते. संस्कृतात क्षम् म्हणजे सहन करणं. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. म्हणजे तिसरी रात्रही जागून काढली त्याने, आणि आता सहनही त्यानेच करायचं?

मध्ये तीन आठवडे गेले. त्याचे वडील घरी आले होते. एका रविवारी मी गेलो. दारातच म्हणालो, ‘येतो म्हणालो आणि आलो नाही. माफ कर.’ पुढचा ‘पण’ जिभेवर आला होता, तो गिळला. तो काही बोलला नाही. चहा टाकायला आत गेला. मी काकांजवळ बसलो. चहा आला, तीन कप.

माफ केलं की नाही, हे त्याने अजून सांगितलेलं नाही. मीही पुन्हा विचारलेलं नाही.