तेरावा महिना कुणाचा?



गेल्या पावसाळ्यात आमच्या नौपाड्यातल्या इमारतीचा पाण्याचा पंप जळाला आणि त्याच दिवशी लिफ्टही बंद पडली. भरलेली बादली घेऊन तिसरा मजला चढताना तोंडून निघाले, ‘दुष्काळात तेरावा महिना!’ आपण सगळेच असे म्हणतो. पण ही म्हण आली कुठून, याचा कधी विचार केलात?

तिचा उगम पंचांगात आहे. चंद्राचे वर्ष साधारण 354 दिवसांचे, सूर्याचे 365 दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात. ते भरून काढायला सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास येतो आणि वर्ष तेरा महिन्यांचे होते. आधीच कणगी रिकामी, त्यात आणखी एक महिना काढायचा, शिवाय धोंड्याचा महिना म्हणून जावयाला अनारशांचे वाण द्यायचे! म्हणीतला उसासा खरा आहे.

पण माउली, थोडे थांबून पाहा. पीक सूर्याच्या गतीने येते. पंचांगात महिना वाढला म्हणून दोन सुगींमधला एक दिवसही वाढत नाही. वाढते ती आपली मोजणी. उलट हा महिना नसता, तर आषाढी दरवर्षी मागे सरकत सोळा-सतरा वर्षांत ऐन थंडीत आली असती. ज्याला आपण संकट म्हणतो, तोच आपली वारी पावसात राखतो. शास्त्राने तर या महिन्याला पुरुषोत्तम मास म्हटले.

मग दुःख नुसते मोजण्यातच आहे का? नाही. भूक खरी असते. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबारायांची पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली. व्यापार बुडाला, मान गेला. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ असे विचारायचा अधिकार त्यांच्याइतका कुणाला होता? पण परंपरा सांगते, की सावकारीच्या कागदांतला धाकट्या भावाचा वाटा त्यांनी त्याला दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. स्वतःच्या घरी तेरावा महिना असताना त्यांनी दुसऱ्यांच्या घरचा संपवला.

हे वाचताना मला ती बादली आठवते. मी तिसऱ्या मजल्यावर थांबलो होतो. चौथ्या मजल्यावर गुडघ्यांनी अधू झालेल्या एक आजी एकट्या राहतात. त्यांच्याकडे पाणी आहे का, हे मला दुसऱ्या दिवशी सुचले. तोवर त्यांनी रात्र एका तांब्यावर काढली होती. ‘तुम्हाला कशाला त्रास, बाळा,’ एवढेच त्या म्हणाल्या.

तेव्हा माउली, ही म्हण ओठांवर आली तर जरूर म्हणा. उसाशाला पाप लागत नाही. फक्त म्हटल्यावर एक जिना वर चढून पाहा. तेरावा महिना तिथे कदाचित आपल्या आधीच येऊन बसलेला असेल.

रामकृष्णहरी.