किरकोळ सुधारणा

शाळेच्या फीच्या पावत्या छापणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला आणि त्याचं डेबियन पॅकेजही मीच बांधलं. कोणत्या लायब्ररी लागतात हे शोधायला डीपीकेजी-एसएचलिबडेप्स असतं. ते बायनरी वाचतं आणि कंट्रोल फाइलमधल्या 'डिपेंड्स'च्या ओळीसाठी यादी आवृत्त्यांसकट काढून देतं. पँगो, कैरो, सगळं बिनचूक आलं. मी निर्धास्त झालो.

पण फॉन्टची नोंद बायनरीत नसते. तो प्रोग्राम चालताना शोधला जातो. माझ्या लॅपटॉपवर लोहित देवनागरी केव्हापासून होता, इतका की तो मी कधीतरी टाकलाय हेच विसरलो होतो.

एका शाळेतून फोन आला. पावतीवर मुलांच्या नावांच्या जागी चौकोन येत होते. मी म्हणालो, "माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय, मॅडम. तुमच्याच मशीनमध्ये काहीतरी असेल." बाईंनी कुणाला तरी बोलावून डेबियन नव्याने टाकून घेतलं. चौकोन होते तिथेच.

मला माहीत नव्हतं, असं आता म्हणता येईल. पण ते खरं नाही. 'चौकोन' हा शब्द कानावर पडला त्याच क्षणी मला कळलं होतं.

मग दुरुस्ती केली, तीही आधी चोरटी. फॉन्ट 'रेकमेंड्स'मध्ये ढकलला, कारण पॅकेजं बसवणारं एपीटी ते सहसा आपणहून घेतंच. पण डिस्क वाचवायला ही सोय बंद ठेवणारेही असतात. आणि जिची ओळ न् ओळ मराठीत आहे, त्या पावतीला देवनागरी फॉन्ट नुसता 'शिफारस' कसा? शेवटी तो 'डिपेंड्स'मध्ये गेला. जोडीला घाबरून आणखी आठ पॅकेजं घातली, असू देत म्हणून. त्यातलं एकही लागत नव्हतं. माझ्या भीतीचा भार शाळेच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर पडला. कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर एकेक काढून बघायला पुरता रविवार गेला. तो पहिल्याच आवृत्तीआधी द्यायला हवा होता.

नव्या आवृत्तीच्या चेंजलॉगमध्ये मी लिहिलं: 'किरकोळ सुधारणा'. बाईंना फोन केला नाही. डेबियन पॅकेजाबरोबर चेंजलॉगही जातो, यूएसआर-शेअर-डॉकमध्ये, दाबून ठेवलेला. त्या शाळेच्या मशीनवरही ती ओळ आहे.