एकट्याचा डबा

बोरिवलीत एक साहेब राहायचा. त्याचं ऑफिस होतं नरिमन पॉइंटला. घर मुंबईच्या वरच्या टोकाला, खुर्ची खालच्या टोकाला.

साहेबाचे आजोबा लोकलने कामाला जायचे. वडीलही लोकलनेच जायचे. १९२८ साली कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची लोकल सुरू झाली, तेव्हा नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींच्या जागी समुद्राचं पाणी होतं. पुढे तिथे भराव पडला, इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्याच एका इमारतीत साहेबाला खुर्ची मिळाली. लोकलचं शेवटचं स्टेशन कुलाब्याहून चर्चगेटला आलं, बाकी वाट मात्र तिने सोडली नाही.

साहेबाला बढती मिळाली, तशी त्याने गाडी घेतली. आईने गाडीला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. साहेबाने रेल्वेचा पास कपाटात टाकला.

"झालं आता," तो म्हणाला. "लोकांच्या घामात घाम मिसळायचा नाही. मी, माझी गाडी आणि गाडीतला गारवा."

त्याचं अगदीच चुकलं असंही नाही. सकाळच्या लोकलमधून ज्याने दादरला उतरायची धडपड केली आहे, तो साहेबाला हसणार नाही.

पहिले काही दिवस साहेब खुशीत होता. मग तो नऊऐवजी साडेआठला निघू लागला. मग आठला. दोष रस्त्याचा आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा. रस्ता झाला की सुटलो, म्हणायचा. रस्तेही होत गेले. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. २०२४ साली किनारी रस्ता खुला होऊ लागला. दर वेळी थोडे दिवस साहेब लवकर पोचला. पण गूळ सांडला की मुंगळे जमतात. बाकीच्या साहेबांनाही तो रस्ता कळायचा, आणि आपला साहेब पुन्हा ब्रेकवर पाय ठेवून बसायचा.

साहेब आठला निघायचा आणि आईचा स्वयंपाक व्हायचा नऊनंतर. त्यामुळे साहेबाचं जेवण त्याच्याबरोबर जात नसे. ते मागून जायचं, डबेवाल्याबरोबर.

डबेवाला मावळातला. डोक्यावर पांढरी टोपी, हातात जुनी सायकल. सगळी इमारत त्याला मामा म्हणायची. साडेनऊला तो दारात यायचा, आई पिशवी त्याच्या हातात द्यायची. असे तीसपस्तीस डबे गोळा करून मामा बोरिवली स्टेशन गाठायचा. तिथे डबे उतरायचे, वाटले जायचे आणि लोकलच्या लगेजच्या डब्यात चढायचे. चर्चगेटला पुन्हा वाटणी. साडेबाराच्या सुमाराला डबा साहेबाच्या टेबलावर. मध्ये तीन-चार जणांचे हात बदलायचे. कुणी कुणाला पत्ता सांगत नसे. झाकणावर रंगाने काढलेली खूण असायची, तेवढी पुरे. मुंबईत हे काम १८९० पासून चालत आलं आहे.

एक दिवस साहेब मुद्दाम उशिरा निघाला आणि त्याने मामाला थांबवलं.

"मामा, तुमच्याबद्दल एक तक्रार आहे."

"बोला साहेब."

"माझा डबा तुम्ही सगळ्यांच्या डब्यांत कोंबता. काल पिशवीला बोंबलाचा वास येत होता. आमच्या घरी बोंबील कोण खातं?"

"मालाडच्या साहेबांचा असेल. तुमच्याच ऑफिसात असतात ते."

"ते मला माहीत नाही. माझा डबा एकटा न्या. त्याला दुसरा डबा लागता कामा नये. काय जास्तीचे पैसे होतील ते मी देईन."

मामाने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"साहेब, एकटा डबा आम्ही कधी नेला नाही. पण तुम्ही म्हणता तर एक दिवस नेऊन बघू. गावाहून पुतण्या आलाय. तो घेऊन जाईल. फक्त एकट्या डब्याला लोकलचं काय काम? टॅक्सीने पाठवतो. भाडं तुमचं."

साहेब खूश झाला. "हे बघा, असं पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी साहेबाची साडेबाराला मोठी मीटिंग होती. सकाळी घाई नव्हती. तो घरीच कागद वाचत बसला आणि साडेनऊला खाली उतरला. खाली टॅक्सी उभी होती. पुतण्या मागच्या सीटवर बसला होता, मांडीवर साहेबाचा डबा. मामा नेहमीसारखा सायकलला पिशव्या अडकवत होता. तिघेही एकाच वेळी निघाले.

गोरेगावपर्यंत सगळं ठीक चाललं. अंधेरीपाशी हायवेवर गाड्या रेंगाळू लागल्या. विलेपार्ल्याच्या पुढे एक ट्रक मधोमध बंद पडला होता. तिथे सगळंच थांबलं.

साहेबाने गाणी लावली. गाणी संपली. त्याने फोन केले. फोनही संपले. मग काच खाली करून त्याने बाजूला पाहिलं. शेजारच्या ओळीत एक टॅक्सी उभी होती. टॅक्सीत पुतण्या होता. पुतण्याच्या मांडीवर डबा होता.

पुतण्याने हात केला. साहेबानेही केला. करायला दुसरं काही नव्हतंच.

वेळ जाईना म्हणून साहेब समोरच्या गाड्या मोजू लागला. मोजता मोजता त्याला एक गंमत दिसली. बहुतेक गाड्यांत एकेकटाच माणूस होता. मग तो फक्त तेवढ्याच मोजू लागला. पस्तीसपर्यंत आकडा गेला. पस्तीस गाड्या, पस्तीस माणसं. ओळीने लावल्या तर दोनशे मीटर रस्ता. मामा एका खेपेला गोळा करतो साधारण तेवढेच डबे. आणि लोकलमध्ये एवढी माणसं तर नुसत्या दाराशी उभी राहतात.

साहेबाने मोजणं थांबवलं. काच वर केली.

साडेबारा वाजून गेले, तेव्हा तो वरळीलाही पोचला नव्हता. ऑफिसातून शिपायाचा फोन आला.

"साहेब, मीटिंग सुरू झाली. आणि सगळ्यांचे डबे आले, तुमचाच नाही आला. आज घरून पाठवला नाही का?"

"पाठवलाय," साहेब म्हणाला. "तो माझ्या मागेच आहे."

साहेब ऑफिसात शिरला तेव्हा मीटिंग आटपली होती. मालाडचे साहेब जेवून हात धुऊन आले होते. थोड्या वेळाने पुतण्या आला. त्याने डबा टेबलावर ठेवला आणि शेजारी टॅक्सीच्या भाड्याची चिठ्ठी ठेवली. महिनाभर डबा पोचवायला साहेब जे पैसे द्यायचा, जवळजवळ तेवढं भाडं एका दिवसाचं झालं होतं. साहेबाने डबा उघडला. बोंबलाचा वास अजिबात नव्हता. भात दगडासारखा गार होता.

दुसऱ्या दिवशी साहेब आठला निघाला नाही. तो मामाची वाट पाहत दारात उभा राहिला.

"मामा, काल तुमचे बाकीचे डबे वेळेवर कसे गेले?"

"नेहमीसारखेच गेले की."

"मग माझा का नाही गेला?"

"तुमचा एकटा होता ना साहेब." मामा सायकलवर पिशवी अडकवत म्हणाला. "मुंबईत हजारांनी डबे आहेत. उद्या प्रत्येक डबा म्हणाला, मला वेगळा माणूस पाहिजे, वेगळी टॅक्सी पाहिजे, तर कुणाच्याच पोटात वेळेवर घास जायचा नाही. ते सगळे एकमेकांना लागून जातात म्हणून पोचतात. थोडा वास लागतो, ते खरं आहे."

"पण मी कुठे डब्याचं—"

साहेब बोलता बोलता थांबला. मामाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो गाठ मारत होता.

"आणि लोकल बंद पडली तर?" साहेबाने विचारलं.

"पडते की. रुळांवर पाणी चढलं की आमचीही बोंब होते. खोटं कशाला बोलू? पण रोज काही पाणी चढत नाही. हायवेला मात्र रोज काहीतरी असतंच, असं तुम्हीच आईंना सांगत असता."

सोमवारी साहेबाने नवा पास काढला. पहिल्या दिवशी त्याने साडेआठची गर्दीची जलद लोकल पकडली. बूट तुडवला गेला, शर्टाचं एक बटण गेलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी त्याला शहाणपण सांगितलं. "अहो, बोरिवलीहूनच सुटणारी धीमी धरा. थोडा जास्त वेळ घेते, पण रिकामी लागते." साहेबाने ती धरली. खिडकी मिळाली. चर्चगेटला उतरून तो ऑफिसपर्यंत चालत गेला आणि कितीतरी दिवसांनी वेळेआधी खुर्चीत बसला.

गर्दी काही कमी झाली नाही. परतीला तर साहेब अजूनही एका पायावर उभा राहतो. पण एक फरक पडला. गाडीत बसून रस्त्याला शिव्या देणारा माणूस आता लोकलच्या फेऱ्या वाढवा, बस वाढवा, स्टेशनवरचे पूल रुंद करा, अशा अर्जांवर सह्या करतो आणि इतरांच्याही घेतो. साहेब लोकांनी लोकल आणि बस सोडली की लोकल-बसकडे बघायला कुणाला सवड नसते, असं माझं जुनं मत आहे. ते या साहेबाने आणखी पक्कं केलं.

डबा पुन्हा सगळ्यांच्या डब्यांबरोबर जाऊ लागला. कधीमधी बोंबलाचा वास येतो. एकदा साहेबाने मालाडच्या साहेबांकडून एक तुकडा मागून खाल्ला म्हणे. आईला हे कुणी सांगितलेलं नाही.

गाडी साहेबाने विकली नाही. रविवारी तो आईला घेऊन वसईला बहिणीकडे जातो. बाकीचे दिवस गाडी इमारतीखाली उभी असते, आणि डबे घ्यायला वर जाताना मामा आपली सायकल तिलाच टेकवून ठेवतो.

वाचकहो, तुमच्या घरापासून स्टेशन किंवा बसचा थांबा किती पावलांवर आहे, ते उद्या सकाळी एकदा चालून पाहा. डबा बरोबर घ्यायची गरज नाही. तो मागून येईल.