मेनूतली संमती

नवा दूरचित्रवाणी संच घरी येतो. दुकानाचा मुलगा तो भिंतीवर बसवतो, वायफायला जोडतो आणि पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या पानांवर रिमोटने 'मान्य आहे', 'मान्य आहे' असे दाबत पाच मिनिटांत मोकळा होतो. त्या पानांवर काय लिहिले आहे हे त्याने वाचलेले नसते, आम्हीही वाचलेले नसते. चहा घेऊन तो निघून जातो. मान्यता मात्र आमच्या घराच्या नावे राहते. तिला आमची संमती म्हणावे काय?

प्रश्न क्षुल्लक वाटण्याजोगा आहे, कारण संचातील बहुतेक सेटिंगे खरोखरच क्षुल्लक असतात. रंग भडक असतील, आवाज मोठा असेल. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांनी घडतो. संच त्यांच्यामध्ये स्वतः बनवलेली चित्रे घुसवतो आणि मोठ्या दिग्दर्शकाची कलाकृती दैनंदिन मालिकेसारखी दिसू लागते. हे सेटिंग बंद करा अशी विनवणी अभिनेता टॉम क्रूझ याने डिसेंबर 2018 मध्ये प्रेक्षकांना केली होती. तेथे फार तर आमची अभिरुची बिघडेल. पण त्याच मेनूत, आणखी तीन पायऱ्या खाली, वेगळ्या जातीचे एक सेटिंग असू शकते.

अमेरिकेत विझिओ या कंपनीच्या संचांत 'स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी' नावाचे असे एक सेटिंग होते. कार्यक्रमांविषयी सूचना मिळतात, एवढेच त्याचे वर्णन. ते आपोआप चालू असे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीनुसार संच पडद्यावरील चित्राचे ठिपके क्षणाक्षणाला टिपून घेई आणि ते साठवलेल्या चित्रांशी ताडून घरात काय पाहिले जात आहे हे ओळखी. मग ते केबलवरचे असो वा डीव्हीडीवरचे. ही माहिती इतरांना विकली जाई. असे 1 कोटी 10 लाख संच होते. फेब्रुवारी 2017 मध्ये कंपनीने 22 लाख डॉलर भरून हे प्रकरण मिटवले.

सेटिंग बंद करण्याची सोय होतीच की, असा युक्तिवाद यावर करता येतो. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपल्याकडेही जुने आहे. परंतु लग्नाच्या बैठकीत मुलगी गप्प राहिली तर निदान तिला प्रश्न ऐकू आलेला असतो. (ती गप्प का राहिली, हा निराळाच विषय.) येथे प्रश्न विचारला गेला हेच घराला ठाऊक नाही. ज्याला प्रश्न पोहोचला नाही त्याच्या मौनाला उत्तर मानणे आम्हांला लबाडीचे वाटते. आपल्या देशात 2023 साली झालेल्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यानेही संमती स्पष्ट, होकारार्थी कृतीतून दिलेली असावी असे म्हटले आहे. आता ती कृती कोणी करायची, दुकानाच्या मुलाने?

दोष निर्मात्याचा, एवढे म्हणून आम्हांला सुटता येत नाही. असे सेटिंग असते हे एकदा कळले की ते तसेच राहू देणे ही आमची कृती होते. कंटाळा आला, रिमोट सापडला नाही, ही कारणे खरी असली तरी आमचीच असतात. शिवाय संचासमोर आम्ही एकटे बसत नाही. मुले बसतात, पाहुणे बसतात, दुपारी शेजारच्या बाई मालिका पाहायला येतात. यांच्यापैकी कोणीच काही मान्य केलेले नाही.

सर्वांत अवघड गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांची. मुंबईला किंवा आखातात नोकरी करणारा मुलगा आईसाठी संच पाठवतो. आईला रिमोटवरची तीनच बटणे ठाऊक असतात. नाताळला घरी आल्यावर तो मेनू उघडून, तिच्या हिताचेच म्हणून, दोन-चार सेटिंगे परस्पर बंद करील. हेतू चांगलाच, पण तिच्या नावाने पुन्हा दुसऱ्याच कोणीतरी बटण दाबलेले असेल. तिला शेजारी बसवून, 'आई, तू काय पाहतेस हे बाहेर कळलेले तुला चालेल का?' असे विचारायचे, तर त्याआधी ते बाहेर कसे जाते हे सांगावे लागेल. ती चार उलट प्रश्न विचारील. दुकानाच्या मुलाला लागलेल्या पाच मिनिटांत ते होणार नाही. अख्खी संध्याकाळ जाईल.