वैगुण्य आणि प्रकाश

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरच्या परिसरात धान हे मुख्य पीक. धानाचे तूस जाळले असता उरणाऱ्या राखेत सुमारे ९० टक्के सिलिका असते. तिच्यातील ऑक्सिजन दूर केला की सिलिकॉन मिळते. संगणकाची चिप घडते ती याच मूलद्रव्यापासून. मात्र त्यासाठी ते अत्यंत शुद्ध असावे लागते आणि त्यातील अणूंची रांग कोठेही मोडलेली चालत नाही.

आश्चर्य असे की, हा निर्दोष स्फटिक जवळजवळ अंधाराच असतो. त्यातील इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत परतताना ऊर्जा सोडतो खरा. परंतु तिचा प्रकाश व्हावयास स्फटिकाच्या कंपनाची साथ लागते. ती लाभेपर्यंत तो भटकतो, एखाद्या घातक दोषात अडकतो आणि त्याची ऊर्जा उष्णतेत विरून जाते.

इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ साली सिलिकॉनमध्ये बोरॉनचे अणू घुसवले व ते तापवून स्फटिकात सूक्ष्म कड्यांसारखे दोष निर्माण केले. कड्यांभोवतीच्या ताणाने इलेक्ट्रॉनांचे भटकणे रोखले गेले आणि सामान्य तापमानालाही सिलिकॉन प्रकाश देऊ लागले. तो प्रकाश अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा.

तर मग वैगुण्य हेच वरदान मानावे काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. सिलिकॉनमधील बहुतेक दोष प्रकाश गिळणारेच असतात. हा एक दोष उपकारक ठरला, कारण त्याने भटकणाऱ्याला घातक दोषांपासून दूर राखले. श्रेय मोडण्याचे नव्हे, राखण्याचे आहे.

माणसांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. स्वतः सोसलेला मनुष्य कधी कधी दुसऱ्याच्या दुःखापाशी थांबतो आणि खचलेला जीव सावरतो. पण त्यावरून दुःखालाच थोर ठरवणे, तेही न सोसणाऱ्याने, ही निष्ठुरता होय. २०१५ नंतर अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणण्याची रीत पडली. परंतु नाव गोड झाले म्हणून कचेरीच्या पायऱ्या कमी होत नाहीत. तेथे रॅम्पच बांधावा लागतो, आणि २०१६ च्या कायद्याने तो त्यांचा हक्क मानला आहे. ज्याचे वैगुण्य, त्यानेच त्यात प्रकाश पाहावा; इतरांनी आधी वाट सुगम करावी.